कोट्यवधी डॉलर खर्चूनही सुपरहिरो खोटा का दिसतो?

नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘जस्टिस लीग’ प्रदर्शित झाला आणि त्यानंतर जेमतेम साडेपाच महिन्यांनी, एप्रिल २०१८ मध्ये, ‘अॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ आला. दोन्ही चित्रपट हॉलिवूडच्या अत्यंत महागड्या चित्रपटांत मोडणारे आणि दोन्हींच्या श्रेयनामावलीत व्हीएफएक्सवाल्यांची, म्हणजे संगणकावर दृश्ये घडवणाऱ्यांची, नावे मिनिटामागून मिनिट सरकत राहणारी. तरीही ‘इन्फिनिटी वॉर’मधला जांभळ्या कातडीचा, खाचाखाचांच्या हनुवटीचा, मुळात अस्तित्वातच नसलेला खलनायक थॅनोस रडला तेव्हा ते कोणाला खटकले नाही, आणि ‘जस्टिस लीग’मध्ये सुपरमॅन साकारणारा हेन्री कॅव्हिल हा हाडामांसाचा अभिनेता कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष उभा असूनही त्याचा वरचा ओठ पाहून जगभरचे प्रेक्षक हसले.

व्हीएफएक्सचा नाद असलेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला ही जोडी फार बोलकी वाटते. पैसा, संगणक आणि कलाकारांचे कौशल्य या तिन्ही बाबतींत दोन्ही बाजू तुल्यबळ असतील, तर फरक पडला कुठे? ‘बजेट कमी पडले’ किंवा ‘ग्राफिक्स हलके होते’ ही नेहमीची उत्तरे येथे लागू पडत नाहीत. माझ्या मते दृश्य फसते ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: त्यातला प्रकाश जुळलेला नसतो, किंवा ते दृश्य कसे असावे याचा निर्णय उशिरा झालेला असतो. पुष्कळदा दुसऱ्या कारणामुळेच पहिले घडते.

एका सेकंदात चोवीस चित्रे

चित्रपट म्हणजे सेकंदाला २४ या वेगाने दाखवलेली स्थिर चित्रे. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. ‘इन्फिनिटी वॉर’ १४९ मिनिटांचा आहे, म्हणजे त्यात दोन लाख चौदा हजारांहून अधिक फ्रेम आहेत. दोन कटांमधला सलग तुकडा म्हणजे शॉट. व्हीएफएक्सचे काम शॉटच्या हिशेबाने वाटले जाते आणि त्याचे पैसेही बहुधा शॉटच्या हिशेबाने ठरतात. सेटवर प्रत्यक्ष घडवलेला स्फोट, धूर किंवा पाऊस यांना स्पेशल इफेक्ट्स म्हणतात, तर चित्रीकरणानंतर संगणकावर जे जोडले, पुसले किंवा बदलले जाते त्याला व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजेच व्हीएफएक्स, म्हणतात.

सुपरहिरोपटातल्या एखाद्या साध्या शॉटमध्येही अनेक थर असतात. अभिनेता एका थरात, मागचे शहर दुसऱ्यात, उडणारी राख तिसऱ्यात, जमिनीवर पडलेली सावली चौथ्यात. हे थर एकावर एक बसवून त्यांचे एकच चित्र करण्याच्या कामाला कंपोझिटिंग म्हणतात. त्यासाठी आधी अभिनेत्याला त्याच्या पार्श्वभूमीपासून वेगळे करावे लागते, आणि येथेच तो प्रसिद्ध हिरवा पडदा येतो. हिरवाच का, तर माणसाच्या त्वचेत हिरव्या रंगाचा अंश कमी असतो आणि बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवा रंग टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्या बिंदूंच्या दुप्पट असतात, त्यामुळे कडा स्वच्छ सुटते. अर्थात पात्रच हिरवे असेल तर पंचाईत होते. २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये हिरव्या चिलखतातल्या ग्रीन गॉब्लिनचे चित्रीकरण निळ्या पडद्यासमोर आणि लाल-निळ्या वेशातल्या स्पायडर-मॅनचे हिरव्या पडद्यासमोर करावे लागले होते.

पडदा लावणे जेथे शक्य नसते तेथे रोटो करावा लागतो. रोटो म्हणजे अभिनेत्याच्या बाह्यरेषेवर संगणकात हाताने वक्ररेषा आखणे आणि तो जसजसा हलेल तसतशी ती रेषा फ्रेमगणिक सरकवणे. चार सेकंदांच्या शॉटमध्ये ९६ फ्रेम असतात. धावणाऱ्या नायिकेच्या खांद्यासाठी एक रेषा, कोपरापासून मनगटापर्यंत दुसरी, प्रत्येक बोटाला स्वतंत्र, आणि केस भुरभुरत असतील तर दिवस त्यातच गेला म्हणून समजावे. रेषा एका पिक्सेलने आत गेली की कान कापल्यासारखा दिसतो आणि एका पिक्सेलने बाहेर राहिली की माणसाभोवती जुन्या पार्श्वभूमीची किनार थरथरते. हॉलिवूडचे हे काम मोठ्या प्रमाणावर भारतात, मुंबई-पुण्यापासून चेन्नई-हैदराबादपर्यंतच्या स्टुडिओंत होते. शेवटची नामावली संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिलेल्यांना तीत मराठी आडनावे हमखास सापडतात. ‘संगणकच तर करतो सगळे’ असे म्हणणाऱ्याने एकदा रोटो करणाऱ्याच्या शेजारी तासभर बसून पाहावे.

खोटेपणा पकडणारा प्रकाश

थर कितीही नेटके कापले, तरी ते एकाच प्रकाशात न्हालेले नसतील तर दृश्य चिकटवल्यासारखे दिसते. आपण ‘सावली चुकली’ असे शब्दांत सांगू शकत नाही. पण जन्मापासून डोळा याच सरावात असतो, त्यामुळे काहीतरी बिनसल्याचे तो क्षणात ओळखतो. मावळतीच्या उन्हात उभा असलेला नायक एका बाजूने तांबूस आणि दुसऱ्या बाजूने आकाशाच्या निळसर छटेचा दिसला पाहिजे. स्टुडिओत मात्र तो चहूबाजूंनी सारख्या पांढऱ्या उजेडात उभा असतो, शिवाय त्याच्या खांद्यावर आणि केसांच्या कडेवर हिरव्या पडद्याचा उजेड सांडलेला असतो. तो हिरवा उजेड पुसता येतो. मुळात न पडलेले तांबूस ऊन नंतर चढवणे फार अवघड असते.

म्हणून जाणकार मंडळी सेटवरचा प्रकाश चक्क मोजून नेतात. शॉट संपल्यावर एक जण हातात दोन गोळे घेऊन अभिनेत्याच्या जागी उभा राहतो. त्यांतला एक करड्या रंगाचा मंद गोळा असतो, तर दुसरा आरशासारखा चकचकीत. करड्या गोळ्यावरून उजेड कोणत्या दिशेने आणि किती प्रखर येतो ते कळते. चकचकीत गोळ्यात आजूबाजूची प्रत्येक खिडकी, दिवा आणि आकाश यांचे प्रतिबिंब मिळते. या नोंदींवरून संगणकात तोच प्रकाश पुन्हा उभा करता येतो आणि खोट्या पात्रावर खऱ्या सेटचे ऊन पडते. या पद्धतीचा पाया रचणाऱ्या पॉल डेबेव्हेक यांनी पुढे ‘लाइट स्टेज’ नावाचे यंत्रही विकसित केले. त्यात अभिनेत्याच्या चेहऱ्यावर शेकडो दिशांनी एकामागून एक उजेड टाकून प्रत्येक वेळी छायाचित्र घेतले जाते. ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मधील स्पायडर-मॅन आणि डॉक्टर ऑक्टोपस यांची डिजिटल रूपे याच नोंदींच्या आधारे घडवण्यात आली, आणि त्या चित्रपटाला व्हिज्युअल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले.

त्वचेचा प्रश्न आणखी वेगळा आहे. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटांमागे धरला की बोटे लालसर उजळतात, कारण प्रकाश त्वचेवर आपटून नुसता परत फिरत नाही. तो थोडा आत शिरतो, रक्तामांसात पसरतो आणि भलत्याच ठिकाणाहून बाहेर पडतो. संगणकातल्या सुरुवातीच्या मानवी पात्रांच्या चेहऱ्यांत हा आत शिरणारा प्रकाश नव्हता, म्हणून ते प्लास्टिकचे वाटत. याचे गणित २००० नंतरच्या काळात सुटत गेले आणि आज प्रत्येक मोठ्या स्टुडिओकडे ते उपलब्ध आहे. त्यामुळे २०१७ नंतरच्या चित्रपटातला चेहरा प्लास्टिकचा दिसत असेल, तर तंत्र उपलब्ध नव्हते ही सबब चालणार नाही.

थॅनोस का जमला

थॅनोस हे पात्र चित्रपटाच्या केंद्रस्थानी असणार हे चित्रीकरणाच्या आधीच पक्के होते, आणि या एका गोष्टीने पुढचे सगळे सुकर केले. थॅनोस साकारणारा जॉश ब्रोलिन सेटवर स्वतः हजर असे, इतर कलाकारांसमोर संवाद म्हणत असे. त्याच्या अंगात शरीराची हालचाल नोंदवणारा पोशाख, चेहऱ्यावर ठिपके आणि डोक्यावरच्या हेल्मेटला चेहऱ्याकडे रोखलेले छोटे कॅमेरे असत. थॅनोस त्याच्याहून बराच उंच असल्याने समोरच्या कलाकाराने कुठे पाहावे याची खूण ब्रोलिनच्या डोक्याच्या वर धरलेली असे. नजर चुकली की किती सुंदर चेहरा घडवला तरी दोघे एकमेकांशी बोलत आहेत असे वाटत नाही. प्रेक्षक म्हणून आपण हे सर्वांत आधी टिपतो आणि त्याचे श्रेय मात्र कोणालाच देत नाही.

टायटन ग्रहावरची लढाई वेटा डिजिटलकडे होती आणि थॅनोसची इतर बरीच दृश्ये डिजिटल डोमेन या कंपनीकडे. डिजिटल डोमेनपुढची अडचण अशी होती की ब्रोलिनच्या चेहऱ्यावरच्या शे-दीडशे ठिपक्यांवरून गालाच्या बारीक सुरकुत्या कळत नाहीत. त्यासाठी त्यांनी ब्रोलिनच्या चेहऱ्याचे आधीच अतिशय सूक्ष्म स्कॅन करून ठेवले होते आणि ‘मास्करेड’ नावाच्या स्वतःच्या प्रणालीला, ठिपके असे हलले तर त्वचा कशी हलते, हे त्या स्कॅनवरून शिकवले होते. तिने दिलेला तपशीलवार चेहरा मग थॅनोसच्या चेहऱ्यावर चढवला जाई. ब्रोलिनच्या आणि थॅनोसच्या हाडांची ठेवण वेगळी असल्याने हे चढवणे काही आपोआप होत नसे. ब्रोलिनच्या ओठाच्या कोपऱ्यातले किंचितसे हसू थॅनोसच्या रुंद जबड्यावर हरवून जाई, आणि ते कलाकारांना हाताने परत आणावे लागे.

व्होर्मीर ग्रहावर गमोराला, म्हणजे आपल्या मानलेल्या मुलीला, कड्यावरून ढकलण्यापूर्वीचा थॅनोसचा चेहरा मुद्दाम थांबवून पाहण्यासारखा आहे. डोळ्याच्या खालच्या पापणीवर पाणी साठते तेव्हा त्या पाण्याच्या काठाला आकाशाच्या उजेडाची बारीक रेघ दिसते. हनुवटीचा स्नायू आधी ताणला जातो आणि नंतर नजर झुकते. या क्रमात उलटापालट झाली असती तर पात्र रडण्याचे सोंग करते आहे असे वाटले असते. तो क्रम ब्रोलिनचा आहे. तो न बिघडवता पडद्यापर्यंत पोहोचवणे हे व्हीएफएक्सचे काम होते.

ओठ का फसला

‘जस्टिस लीग’चे मुख्य चित्रीकरण झाल्यानंतर दिग्दर्शक झॅक स्नायडर चित्रपटातून बाहेर पडले आणि जॉस व्हेडन यांच्या हाताखाली मोठ्या प्रमाणावर पुनर्चित्रीकरण झाले. तोवर हेन्री कॅव्हिलने ‘मिशन : इम्पॉसिबल – फॉलआउट’साठी मिशी राखली होती आणि त्या चित्रपटाच्या निर्मात्या पॅरामाउंटने ती काढू देण्यास नकार दिला. सुपरमॅनला मिशी चालणार नव्हती. मग कॅव्हिलने मिशीसकट काम केले आणि मिशी संगणकावर पुसायचे ठरले.

एक इमारत पाडण्यापेक्षा एक मिशी पुसणे अवघड का असावे? इमारत कोसळताना आपण आयुष्यात क्वचितच पाहतो. बोलणारा ओठ रोज पाहतो. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने उच्चारताना वरचा ओठ मिटतो, ताणला जातो आणि सुटतो, तसतशी नाकाखालची पन्हळ रुंद-अरुंद होते आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी घडी खोल होते. मिशीने नेमका हाच भाग झाकलेला होता. म्हणजे केस काढून खालची त्वचा उघडी करायची नव्हती; कॅमेऱ्याने कधी न टिपलेली त्वचा प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने घडवायची होती, आणि तिच्याभोवती गाल, नाक व खालचा ओठ हे खरेखुरे ठेवून. संपूर्ण खोट्या चेहऱ्यात सगळेच सारख्या प्रमाणात खोटे असते, त्यामुळे डोळा जुळवून घेतो. खऱ्या चेहऱ्याच्या मधोमध लहानशी खोटी जागा असली की तुलना करायला खरी त्वचा एका सेंटिमीटरवरच असते.

मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञांनी १९७० मध्येच मांडले होते की कृत्रिम आकृती माणसासारखी होत गेली की ती आपल्याला आवडत जाते, पण जवळजवळ माणूस झाल्यावर एकाएकी नकोशी वाटते. पसंतीच्या आलेखातल्या या खड्ड्यालाच अनकॅनी व्हॅली म्हणतात. जांभळा थॅनोस या खड्ड्यापासून जरा दूर उभा होता, कॅव्हिलचा ओठ मात्र थेट त्यात उतरला. हे काम करणारे कलाकार कच्चे नव्हते. थॅनोससाठी जशी आगाऊ तयारी झाली तशी तयारी करण्याची संधीच त्यांना मिळाली नाही, कारण प्रदर्शनाची तारीख आधीच जाहीर झालेली होती.

मग सगळे खरेच का चित्रित करत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो आणि त्याबरोबर ‘द डार्क नाइट’चे (२००८) उदाहरणही येते. त्यात शिकागोच्या रस्त्यावर खराखुरा ट्रक उभा उलटवला होता, हे खरे आहे. परंतु त्याच चित्रपटात हार्वे डेंटचा जळालेला अर्धा चेहरा संगणकावर घडवलेला आहे, कारण रंगभूषेने चेहऱ्यावर थर चढवता येतो, गाल कोरून आत नेता येत नाही. खरे आणि डिजिटल असा हा सामना नाही. प्रत्यक्ष चित्रीकरणाचा मोठा फायदा असा की त्यात निर्णय कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. उलटलेला ट्रक नंतर ‘जरा डावीकडे’ घेता येत नाही.

जुन्या तंत्रांत ही शिस्त आपोआप होती. आपल्या दादासाहेब फाळक्यांना ‘लंका दहन’ (१९१७) किंवा ‘कालिया मर्दन’मधले (१९१९) चमत्कार कॅमेऱ्यासमोरच्या करामतींनीच उभे करावे लागले. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये पार्श्वभूमी अभिनेत्याच्या मागच्या पडद्यावर चित्रीकरणाच्या वेळीच प्रक्षेपित केली जात असे आणि कॅमेरा व प्रोजेक्टर या दोन्हींची झूम एकाच वेळी फिरवून सुपरमॅन प्रेक्षकांकडे उडत येत असल्याचा भास निर्माण केला जाई. आजच्या एलईडी भिंती हे त्याच कल्पनेचे नवे रूप आहे. ‘द बॅटमॅन’च्या (२०२२) काही दृश्यांत अभिनेत्यांमागे एलईडीच्या भल्यामोठ्या पडद्यावर गॉथम शहर दाखवले गेले, त्यामुळे त्या आकाशाचा उजेड वेशावर आणि गालांवर प्रत्यक्ष पडला. पण भिंतीवर दाखवायचे शहर चित्रीकरणाच्या आधी तयार लागते. ज्यांना शेवटपर्यंत मन बदलायचे असते त्यांच्या कामाची ही भिंत नव्हे.

पैसा आहे, तर वेळ का नाही?

व्हीएफएक्स कंपनी बहुधा ठरलेल्या रकमेवर काम घेते. पुढे दिग्दर्शकाने किंवा निर्मात्याने दृश्य बदलले, तर त्या वाढीव कामाचा मोबदला मिळेलच असे नाही, आणि भांडावे तर पुढचे काम दुसऱ्या कंपनीकडे जाते. स्लॅब पडल्यावर मालकाने येऊन जिना दुसऱ्या बाजूला हवा असे सांगावे आणि वास्तुपूजनाची तारीख मात्र तीच ठेवावी, तसा हा प्रकार असतो. जिना होतो, पण कसा होतो ते चढताना कळते. नायकाचा वेश बदलला की त्याच्यावर पडणारा प्रकाश, त्याचे प्रतिबिंब आणि सावली सगळे पुन्हा करावे लागते, आणि वेळ संपत आला की सर्वांत आधी बळी जातो तो प्रकाशाच्या बारकाव्यांचा. ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) हा एरवी देखणा चित्रपट आहे, पण शेवटच्या भुयारी रुळांवरच्या मारामारीत दोन्ही पात्रांना वजनच नसल्यासारखे वाटते, अशी टीका त्यावर झाली आणि ती मला रास्त वाटते.

यावर कोणी म्हणेल की ‘अॅव्हेंजर्स : एंडगेम’मधले (२०१९) कालप्रवासाचे पांढरे-लाल पोशाख चित्रीकरणाच्या वेळी ठरलेले नव्हते आणि नंतर संपूर्णपणे संगणकावर चढवले गेले, तरी ते कोणाच्या लक्षात आले नाही. आक्षेप योग्य आहे. तेथे चेहरे खरे होते आणि बदलायचा होता तो कपडा, ज्याच्या वागण्याबद्दल आपला डोळा ओठाइतका हट्टी नसतो. मुख्य म्हणजे पोशाख नंतर येणार आहेत हे आधीपासून माहीत होते. ठरवून पुढे ढकललेला निर्णय आणि ऐनवेळी फिरवलेला निर्णय यांत फरक असतो.

या व्यवहाराची किंमत कंपन्यांनी मोजली आहे. २००८ चा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ पडद्यावर आणणाऱ्या आणि मुंबई व हैदराबाद येथेही स्टुडिओ असलेल्या रिदम अँड ह्यूज या कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच महिन्यात ‘लाइफ ऑफ पाय’साठी तिच्या कलाकारांना ऑस्कर मिळाले. सोहळा चालू असताना बाहेर व्हीएफएक्स कलाकार निदर्शने करत होते. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, ‘अॅव्हेंजर्स’ चित्रपट काढणाऱ्या मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी संघटना स्थापन करण्याच्या बाजूने एकमताने मतदान केले.

एआय हे सगळे सोडवेल का?

‘जस्टिस लीग’ नंतर काही हौशी मंडळींनी डीपफेक हे एआयने चेहरा बदलण्याचे तंत्र वापरून घरच्या संगणकावर मिशी पुसून दाखवली आणि स्टुडिओची खिल्ली उडवली. मोबाइलच्या पडद्यावर ते तुकडे खरोखर बरे दिसतात. चित्रपटगृहाच्या पडद्याला मात्र कित्येक पटींनी अधिक तपशील लागतो, आणि दिग्दर्शकाने ‘हसू राहू द्या, पण उजवा कोपरा जरा कमी उचला’ असे सांगितले की तेवढेच बदलण्याची सोय त्यात नव्हती. यंत्राला शिकवून काम करून घेणे स्टुडिओंना नवे नाही. २०१८ चे ‘मास्करेड’ हे तेच होते, फक्त शिकवण्यासाठीचे स्कॅन आधी घेऊन ठेवलेले होते.

रोटोवर मात्र एआयचा परिणाम लवकर आणि मोठा होणार आहे, कारण कडा ओळखण्याचे हे काम यंत्राला झपाट्याने जमू लागले आहे. भारतातल्या स्टुडिओंसाठी ही दुहेरी गोष्ट आहे. काम कंटाळवाणे आहे, त्यामुळे ते गेल्याचे दुःख फारसे कोणाला होणार नाही. परंतु मुंबई-पुण्यातली असंख्य मुले या धंद्यात रोटोच्या खुर्चीवरूनच शिरली आणि हजारो फ्रेम पाहता पाहता कंपोझिटिंगपर्यंत पोहोचली. ती खुर्ची गेल्यावर नव्या मुलांना कोणत्या कामावर घ्यायचे, हे स्टुडिओंनी अजून ठरवायचे आहे.